गावठाणात जुनं घर पाडून नवं बांधायचंय, परवानगी नेमकी कुणाची घ्यायची?

मांजराकाठ:

नमस्कार मंडळी, लातूर जिल्ह्यातलं गाव आहे आमचं. वडिलांचं जुनं माळवदाचं (लाकडावर मातीचं छत असलेलं) घर गावठाणात आहे, मागच्या पावसाळ्यात पाठीमागची भिंत बसली आणि आता त्यात माणूस ठेवावा असं काही राहिलं नाही. आई गाव सोडायला तयार नाही आणि मला पण तिनं सोडावं असं वाटत नाही, म्हणून तिथंच दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि वर पुढं कधीतरी एक मजला चढवता येईल असं घर बांधायचं ठरवलंय. मी पुण्यात नोकरीला, धाकटा भाऊ गावाकडं शेती बघतो.

जागा १४०० स्क्वेअर फुटाच्या आसपास असेल, मोजणी कधी झालेली नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला अजून आजोबांचंच नाव आहे, वडील वारले, दोन आत्या आहेत. ग्रामसेवक म्हणायलेत आता आम्हाला अधिकार राहिला नाही तहसीलला जावा, आणि तहसीलला गेलं की गावठाणातलं आमच्याकडं येत नाही म्हणून सांगायलेत. बँकेत लोनचं विचारलं तर एनए ऑर्डर (शेतजमीन बिगरशेती केल्याचा आदेश) आणि मंजूर नकाशा आणा म्हणले. आता गावठाणातल्या घराला एनए कुठून आणू?

दुसरं म्हणजे गावाबाहेर रोडला लागून वडिलांनी तीन गुंठे जागा बॉन्डवर, म्हणजे रजिस्ट्री न करता नुसतं स्टॅम्प पेपरवर लिहून, घेऊन ठेवलीय, भाऊ म्हणतोय जुन्या जागेचा नाद सोड आणि तिथंच बांध, रोड टच आहे. कुणाला यातलं खात्रीनं माहीत असेल तर सांगा, आईला या पावसाळ्याच्या आत पक्क्या छताखाली न्यायचंय.

नकाशावाला_परभणी:

दादा, मी सिव्हिल इंजिनिअर आहे, परभणी-हिंगोली भागात हीच कामं करतो. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, तुमची जागा गावठाणाच्या रेषेच्या आत आहे का बाहेर यावर सगळं ठरतं, कार्यालय पण त्यावरच ठरतं आणि कागद पण. आत असेल तर एनएचा विषयच येत नाही, कारण एनए शेतजमिनीची करायची असते आणि गावठाण मुळातच वस्तीची जागा आहे. बँकेतल्या माणसानं शहरातल्या प्लॉटची यादी तुम्हाला वाचून दाखवली असणार.

ग्रामपंचायतीला अधिकार नाही हे बरोबर नाही. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५२ वाचा, गावाच्या हद्दीत इमारत उभी करायची किंवा जुनी पाडून परत उभी करायची तर पंचायतीची परवानगी लागते असं तिथं सरळ लिहिलंय. गोंधळ झाला तो डिसेंबर २०२० नंतर, राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू झाली, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात, तेव्हापासून बऱ्याच ग्रामसेवकांना वाटतं की आता सगळं टाऊन प्लॅनिंगकडं गेलं. पण ग्रामविकास खात्यानं ग्रामीण भागासाठी वेगळं सांगितलेलं आहे. प्लॉट १६०० स्क्वेअर फुटापर्यंत असेल तर नगररचना खात्याकडं जायची गरज नाही, मालकीचा कागद, मोजणीचा किंवा जागेचा नकाशा, घराचा नकाशा आणि तो नियमावलीप्रमाणं आहे असं परवानाधारक इंजिनिअरचं प्रमाणपत्र एवढं ग्रामपंचायतीत द्यायचं, विकास शुल्क भरायचं आणि पावती घेऊन काम चालू करायचं. १६०० ते ३२०० मध्ये असेल तर जवळपास हेच कागद, फक्त ग्रामपंचायतीनं १० दिवसात काम सुरू करायचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. तुमची १४०० म्हणजे पहिल्याच गटात बसते. लक्षात ठेवा हे प्लॉटचं क्षेत्र आहे, बांधकामाचं नाही, यात भलेभले घोटाळा करतात.

अर्ज तोंडी करू नका. दोन प्रती न्या, एकीवर आवक नंबर, तारीख, शिक्का आणि सही घ्या. ग्रामसेवक नाही म्हणले तर नाही हे पण लेखी मागा, मग पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याकडं जाता येतं. तोंडी नाही घेऊन परत आलात तर तुमच्या हातात काहीच राहत नाही. हल्ली ग्रामसेवकांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय, तेव्हा अर्जावर तेच लिहा.

आणि अर्ज टाकायच्या आधी नावाचं काम करा, आजोबांच्या नावावरच्या जागेला तुम्हाला कुणी परवानगी देणार नाही आणि देऊ पण नये.

निवृत्त_तलाठी_काका:

वरच्या इंजिनिअर साहेबांनी चांगलं सांगितलंय, मी महसूलच्या बाजूनं भर घालतो.

बाळा, नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, ती ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आहे. कर कुणाकडून घ्यायचा एवढंच त्यातून कळतं. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, त्यात तुमच्या नावावर किती शेतजमीन आहे ते असतं. लोक दोन्हीला आठ-अ म्हणतात आणि चुकीचा उतारा घेऊन कार्यालयात जातात, दिवस वाया जातो.

मालकीसाठी आता चांगली सोय झालीय. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी झाली, केंद्राची योजना २०२० च्या एप्रिलात सुरू झाली पण आपल्या राज्यात भूमी अभिलेखनं त्याच्याही आधी काम हातात घेतलं होतं. तुमच्या गावाचं झालं असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिका मिळेल, त्यावर जागेचं क्षेत्र आणि धारकाचं नाव असतं आणि नकाशा पण मिळतो. चौकशीच्या वेळी गावात कुणी हजर नसेल तर नाव चुकीचं लागलेलं असू शकतं, म्हणून पत्रिका काढून आधी वाचा. आजोबांचं नाव असेल तर वारस नोंद करून घ्या. त्यासाठी आजोबा आणि वडील दोघांचेही मृत्यू दाखले लागतील, आणि वारसांत आत्यांची नावं येणारच, ती लपवायचा विचार कुणी सुचवला तरी करू नका. मी नोकरीत असताना भावकीची जेवढी भांडणं बघितली त्यातली बरीच बहिणीचं नाव गाळल्यावरून कोर्टात गेली. आत्यांना हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, वडिलोपार्जित मिळकतीत नात्यातल्या नात्यात पैसे न घेता केलं तर मुद्रांक अगदी नाममात्र असतो. त्यांना रजिस्ट्री ऑफिसला नेताना साडीचोळी करा, मान राखा, पुढं माहेर म्हणून त्या याच घरात येणार आहेत.

आता तीन गुंठ्याचं. बॉन्डवर घेतलेली जागा म्हणजे कायद्यानं घेतलेली नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं नोंदलेलं पाहिजे, त्याशिवाय फेरफार होत नाही आणि सात-बारावर तुमचं नाव लागत नाही. त्यात परत तुकडेबंदी आहे, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान क्षेत्रापेक्षा लहान शेतजमिनीचा तुकडा विकता येत नाही. २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलंय, तीन गुंठे त्यात कुठंच बसत नाही. जुने असे व्यवहार नियमित करायला सरकारनं वेळोवेळी सवलती दिल्यात, तेव्हा तहसीलला जाऊन सध्याचा नियम विचारा, पण आधी मूळ मालकाचं नाव आजच्या सात-बारावर आहे का बघा, नाहीतर त्याच्या पोरांनी ती दुसऱ्याला विकलेली असायची.

आणि सात-बारावर भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी जमीन) आहे का वर्ग २ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) ते बघितल्याशिवाय एक रुपया घालू नका. आपल्या मराठवाड्यात हे फार महत्त्वाचं. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, इथं खिदमतमाश, मदतमाश, देवस्थान इनाम असल्या जमिनी गावोगाव आहेत, आणि त्यातल्या कित्येकांवर आज रोड टच म्हणून प्लॉट पाडलेत. घेणाऱ्याला कळतच नाही की ही जमीन विकायलाच परवानगी लागत होती. जुनं बघायचं असेल तर १९५४-५५ चं खासरा पत्रक तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढा, त्यात जमिनीचा मूळ प्रकार सापडतो.

बालाघाटचा_शेतकरी:

एवढं सगळं कशाला पण? आमच्या गावात शंभर घरं झाली असतील, एकानं परवानगी काढलेली मला माहीत नाही. सरपंचाला सांगायचं, पाया मारायचा, घर झाल्यावर नमुना आठला नोंद लावायची. कागदाच्या मागं लागलात तर पावसाळा येईल आणि आई तिथंच राहील पडक्या घरात. मनापासून सांगतोय राग मानू नका.

तुळजाई:

राग नाही दादा, पण मला यात बोलावं वाटतं कारण आम्ही तीन वर्षांपूर्वी धाराशिव जिल्ह्यात हेच केलं, सासऱ्यांच्या जागेवर. रोख पैसे असतील, शेजारी-भावकी सगळी सरळ असेल तर बिनपरवान्याचं घर उभं राहतं हे खरंय. पण ज्याला कर्ज काढायचंय त्याला तो रस्ता नाही. बँकेचा वकील जुने सगळे कागद चाळतो, सर्च रिपोर्ट काढतो, आमच्या वेळी मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीचा परवाना, इंजिनिअरचा सही केलेला नकाशा आणि एस्टिमेट, थकबाकी नसल्याचा दाखला आणि सगळ्या वारसांची संमती एवढ्यावर काम झालं. पहिल्या बँकेनं एनएशिवाय नाही म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्या बँकेच्या तालुक्याच्या शाखेत ग्रामीण घरांची फाईल त्यांनी आधी केलेली होती, तिथं झालं. म्हणून मांजराकाठ दादा, पुण्यातल्या शाखेत विचारू नका, गावाकडच्या शाखेत विचारा, त्यांना गावठाण म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. कर्ज हप्त्या-हप्त्यानं मिळतं, पायाला थोडं, स्लॅबला थोडं, तेवढा पैसा आधी हाताशी ठेवा, नाहीतर मिस्त्री अर्ध्यात दुसऱ्या साइटवर जातो.

आणि मोजणी करूनच घ्या. आमच्या शेजारच्यांची भिंत आमच्या जागेत आलेली निघाली, वाद घालत बसलो नाही, नकाशा दाखवला, दोन्ही घरच्या म्हाताऱ्या माणसांना बसवलं, जेवढं होतं तेवढं मान्य करून लिहून घेतलं आणि मगच जुनी भिंत पाडली. सामाईक भिंत असेल तर पाडायच्या आधी शेजाऱ्याची लेखी संमती घ्या, तुमची भिंत उतरवली की त्यांचं माळवद उघडं पडतं.

बालाघाटच्या दादांना एकच विचारते, उद्या भाऊ-भाऊ वेगळे झाले किंवा ती जागा विकायची वेळ आली तर पोरांच्या हातात काय देणार?

बालाघाटचा_शेतकरी:

ताई कर्जाचं आणि वाटणीचं म्हणणं पटलं. आमच्याकडं कर्ज कुणी काढत नाही त्यामुळं तसं बोललो. पण मग भावाला घरकुल बसत असेल तर ते पण बघा की, ग्रामीण घरकुलाला १ लाख २० हजार मिळतात, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि संडासचे १२ हजार वेगळे. यादीत नाव पाहिजे मात्र, आणि पहिलं पक्कं घर नको. घरकुलवाल्याला पाच ब्रास वाळू मोफत द्यायचं पण सरकारी धोरण आहे, वाळूचा आजचा भाव बघितला तर ती लहान गोष्ट नाही.

भूकंपग्रस्त_औसा:

माझं राहवत नाही म्हणून लिहितो. लातूर जिल्हा आणि माळवद हे दोन शब्द वाचले की आमच्या पिढीला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. चार वाजायला चार मिनिटं कमी होती. जवळपास १० हजार माणसं गेली आणि त्यातली बहुतेक घराखालीच गेली, कारण दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर लाकडावर फूट-दीड फूट मातीचं ओझं. पन्नासच्या वर गावं उठवून दुसरीकडं वसवावी लागली. तोपर्यंत भूकंपाच्या नकाशावर आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, २००२ ला नकाशा बदलला आणि आपण झोन ३ मध्ये आलो.

एवढं होऊन पण आज आपल्या गावात स्लॅबची घरं बांधताना कोण इंजिनिअरला विचारतो? मिस्त्री म्हणेल तेवढं लोखंड. परवानगीच्या निमित्तानं नकाशावर इंजिनिअरची सही लागते ना, त्या सहीचा उपयोग करून घ्या, नुसते पैसे देऊन सही घेऊ नका, त्याला पायाच्या खड्ड्यात उतरवा. भिंतीवर घर उभं करणार असाल तर जोत्याला, खिडकी-दाराच्या वर आणि छताखाली अशा तीन ठिकाणी काँक्रीटचा पट्टा घराला सगळीकडून बांधून घेणारा पाहिजे, कोपऱ्यात उभी सळई पाहिजे. आणि जुने दगड परत मातीत रचून वर स्लॅब टाकायचा विचार कुणी दिला तर ऐकूच नका, मी अशी घरं डोळ्यांनी बघितलीत.

नकाशावाला_परभणी:

भूकंपग्रस्त दादांचं एकेक वाक्य खरं आहे. कॉलमचं घर करणार असाल तर नऊ इंची कॉलम टाळा, भूकंपरोधक बांधकामाच्या मानकात २०१६ पासून कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलीमीटर म्हणजे बारा इंच धरलीय. मिस्त्री म्हणेल कॉलम भिंतीच्या बाहेर दिसतो, दिसू द्या. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं १३५ अंशात आत वळलेली पाहिजेत, नुसती काटकोनात दुमडलेली रिंग हादऱ्यात उघडते आणि कॉलम फुटतो. सळई बांधून झाली की काँक्रीट ओतायच्या आधी फोटो काढून इंजिनिअरला पाठवा, तुम्ही पुण्यात असलात तरी हे तुम्हाला करता येतं.

आणि आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर टेकवलेलं घर दर वर्षी हलतं. पाया काळी माती संपून कडक मुरूम लागेपर्यंत न्यायचा, चार फुटावर लागो नाहीतर आठ फुटावर. फारच खोल असेल तर पाईलचा पाया लागतो, त्याचा हिशेब वेगळा. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत जोत्यात भरायची नाही, पैसे वाचवायला सगळे तेच करतात आणि दोन वर्षांत फरशी उचलते. मुरूम आणून थराथरानं पाणी मारून धुमस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. सगळे कॉलम जोत्याला बीमनं जोडा, घराभोवती तीन-चार फूट फरशी किंवा काँक्रीटचा पट्टा उताराचा करा म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. गावठाणात पांढरीची माती असेल, जुन्या वस्तीचा भराव असेल, तिथं पण तोच नियम, भरावावर पाया ठेवायचा नाही.

वर मजला चढवायचाय म्हणलात ना, मग पायाचं डिझाईन आत्ताच दोन मजल्यांचं करून घ्या.

मांजराकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समोर बसवून पण सांगितलं नसतं. काका, आत्यांशी फोनवर बोललो, मोठ्या आत्या लगेच हो म्हणल्या, धाकट्या आत्यांना एक खोली त्यांच्यासाठी धरावी असं वाटतंय आणि मला ते चुकीचं वाटत नाही, त्यांचंही माहेर आहे, तशीच आखणी करू. भावाला तीन गुंठ्याचा सात-बारा काढायला सांगितला, त्यावर वर्ग २ निघालाय. म्हणजे तिथं बांधायचा विचार सोडला. स्वामित्वची मोजणी आमच्या गावाची झालेली आहे, पत्रिका काढायला भाऊ उद्या तालुक्याला जातोय.

एकच शंका राहिली. आता नावाचं, हक्कसोडपत्राचं, बँकेचं सगळं करता करता उन्हाळा लागणार, आमच्याकडं मार्चनंतर टँकर असतो. घाई करून याच उन्हाळ्यात काम काढावं का थांबावं?

निवृत्त_तलाठी_काका:

ती तीन गुंठे सोडून देऊ नकोस, वर्ग २ असला तरी वर्ग १ करून घ्यायची वाट काही प्रकारात असते. कोणत्या इनामाची आहे ते खासऱ्यात बघ आणि तहसीलदारांकडं लेखी विचार. देवस्थानची निघाली तर मात्र हात लावू नकोस. आणि जागा गावठाणापासून २०० मीटरच्या आत येत असेल तर तेही नकाशावर मोजून ठेव, वर्ग १ आणि तुमचं नाव झाल्यावर सध्याच्या नियमाप्रमाणं जे शुल्क असेल ते तहसीलला विचारून, भरून ती घरासाठी वापरता येते, वेगळी एनएची परवानगी काढावी लागत नाही. बांधकामाचा नकाशा मंजूर करून घेणं तरी राहतंच.

नकाशावाला_परभणी:

टँकरच्या पाण्यावर स्लॅब टाकू नका. साध्या सिमेंटला कमीत कमी सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला दहा दिवस सतत ओलं ठेवावं लागतं, बाजारात आता बहुतेक राखमिश्रितच मिळतं, आणि मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत दिवसातून दोनदा पाणी मारून ते होत नाही. टँकरचं पाणी खारं असेल तर सळईला पण धोका.

माझं मत, या उन्हाळ्यात कागद, मोजणी, जुनं घर उतरवणं आणि पाया एवढं करा. उतरवताना सागाच्या तुळया, खांब, दरवाजे नीट काढून झाकून ठेवा, आज तसं लाकूड विकत मिळत नाही, तुळया-खांब चिरून दारं-खिडक्यांच्या चौकटी होतात. पाया जमिनीत झाकलेला असतो, त्याला पाणी कमी लागतं आणि गोणपाट टाकून ओल धरता येते. जोतं झालं की पहिला पाऊस त्यावर पडू द्या, भराव कुठं बसतोय ते कळेल. दसरा झाला की भिंती आणि स्लॅब, तेव्हा विहिरीला पाणी असतं आणि ऊन पण सोसण्यासारखं. आईसाठी या पावसाळ्यापुरती भावकीत किंवा गावातच एखादी पक्की खोली भाड्यानं बघा, पडक्या घरात एक रात्र पण ठेवू नका, बसलेल्या भिंतीच्या शेजारची भिंत पहिल्या झडीत येते.

मोजणीचा नकाशा हातात आला की त्याचा फोटो आणि रस्ता कोणत्या बाजूला, शेजारची भिंत कोणत्या बाजूला एवढं इथंच टाका, खोल्यांची मांडणी कशी करायची आणि जिना कुठं घ्यायचा ते मी काढून देतो. सही मात्र तुमच्या तालुक्यातल्या इंजिनिअरचीच घ्या, खड्डा बघायला तो येऊ शकेल.